गोळ्या एका खिडकीवर, विमा दुसऱ्या खिडकीवर

एका ताईंनी विचारलं आहे: "माझ्या यजमानांना २०११ मध्ये एचआयव्ही असल्याचं कळलं. तेव्हापासून सरकारी एआरटी सेंटरमधून गोळ्या चालू आहेत आणि तब्येत चांगली आहे. अमेरिकेने मदत थांबवली, आपल्याकडेही योजना सारख्या बदलतात, असं कानावर येतं. उद्या गोळ्या बंद झाल्या तर काय? शिवाय त्यांची नोकरी बदलतेय, जुन्या कंपनीचा विमा जाणार. स्वतःची पॉलिसी काढायची तर अर्जात एचआयव्ही लिहायचा का?"

ताई, मी २००५ पासून एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणारी औषधं मिळतात तिथे, समुपदेशक म्हणून काम करते आहे. तुमच्यासारखा प्रश्न समोर आला की मी आधी गोळ्यांचं बोलते आणि विमा नंतर घेते, कारण रात्रीची झोप उडते ती गोळ्यांच्या काळजीने.

आपल्या देशात एचआयव्हीचं औषध विम्यातून मिळत नाही. ते राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून मिळतं आणि ती खरेदी केंद्र सरकारच्या अंदाजपत्रकातल्या पैशांतून होते. तुमचा विमा असो वा नसो, नोकरी राहो वा जावो, सेंटरच्या खिडकीवर मिळणाऱ्या डबीशी त्याचा संबंध नाही. काही देशांत हेच औषध विम्यावर अवलंबून असतं, म्हणून तिथे विम्याचा कायदा बदलला की लोकांच्या गोळ्यांवर गदा येते. बाहेरच्या बातम्या वाचून आपल्याकडचे लोक घाबरतात ते यामुळेच. आपल्याकडे धोका आहे, पण तो वेगळ्या वाटेने येतो.

यजमानांचं सेंटरवरचं हिरवं पुस्तक काढून बघा. २०११ च्या पानांवर बहुतेक झेडएलएन, म्हणजे तेव्हाची तीन औषधांची गोळी, लिहिलेली असेल, सकाळ-संध्याकाळ एक एक. पुढे कधीतरी टीएलई ही दुसरी मिश्र गोळी आली असेल, रात्री झोपताना एक. त्या गोळीने सुरुवातीला चक्कर यायची, विचित्र स्वप्नं पडायची, त्यांना विचारून बघा. आणि २०२० नंतरच्या पानांवर टीएलडी, म्हणजे टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डॉल्युटेग्राविर एकाच गोळीत. यातला प्रत्येक बदल दिल्लीत झालेल्या एका धोरणात्मक निर्णयाचा आहे. धोरण बदललं की रुग्णाचं काय होतं, हे कुणाला समजवायचं असेल तर मी आधी हे पुस्तक उघडते.

मोफत एआरटी सुरू झाली १ एप्रिल २००४ ला, देशभरात फक्त ८ सेंटरवर. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यातलं एक. त्या वेळी सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या आजाराशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, २०० च्या खाली गेला असेल किंवा आजार फारच वाढला असेल तरच औषध मिळायचं. माझ्या पहिल्याच वर्षातली एक बाई मला अजून आठवते. तिचा सीडी-फोर आला २१४. नियमाप्रमाणे मी तिला सांगितलं की गोळ्या आत्ता सुरू होणार नाहीत, काही महिन्यांनी परत तपासू. तिला वाटलं ही आनंदाचीच बातमी आहे. "म्हणजे मी बरी आहे ना, मॅडम?" असं म्हणत ती पदर सावरून उठली. चार महिन्यांनी दिराने तिला धरून आणलं तेव्हा फुप्फुसाचा टीबी झालेला होता आणि सीडी-फोर ६० च्या आसपास. ती वाचली, पण तिचं एक वर्ष अंथरुणात गेलं. तो २०० चा आकडा हाती असलेल्या पैशांचा हिशेब घालून ठरवलेला होता. पुढे तो ३५० झाला, मग ५००, आणि २०१७ मध्ये अट पूर्णच निघाली. आता ज्याला लागण आहे त्याला औषध, सीडी-फोर कितीही असो.

दुसऱ्या फळीच्या औषधांचंही असंच झालं. पहिल्या गोळ्या निकामी ठरल्या की लागणारी ही महाग औषधं जानेवारी २००८ पासून जे. जे. आणि चेन्नईजवळच्या तांबरम इथे मोफत मिळू लागली, पण सगळ्यांना नाही. दारिद्र्यरेषेखालचे, विधवा, लहान मुलं, किंवा ज्यांनी पहिली औषधं सरकारी सेंटरमधूनच घेतली होती असे लोक, अशी गाळणी लावलेली होती. ज्याने घरदार विकून खासगीत उपचार घेतले होते तो बाहेर राहिला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१० च्या अखेरीस सरकारने सर्वांना दुसऱ्या फळीची औषधं द्यायचं मान्य केलं. २०१८ पासून सेंटरवरच्या सगळ्यांसाठी व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची, नियमित तपासणीही मोफत सुरू झाली. म्हणजे गेल्या वीस वर्षांत औषधाचं धोरण रुग्णाच्या बाजूनेच सरकत आलं आहे. हे मी धीर द्यायचा म्हणून सांगत नाही, तुमच्या यजमानांच्या पुस्तकात ते नोंदलेलं आहे.

आणि ते एकट्या सरकारने केलं असंही नाही. २००१ मध्ये एका भारतीय कंपनीने तीन औषधांचं वर्षभराचं मिश्रण ३५० डॉलरला देऊ केलं, तेव्हा पेटंटवाल्या कंपन्यांचा भाव वर्षाला १०,००० डॉलरच्या वर होता. आपला १९७० चा पेटंट कायदा औषधाच्या रेणूवर मक्तेदारी देत नव्हता, म्हणून हे जमलं. २००५ मध्ये तो कायदा बदलला, तरी जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवं पेटंट मागणाऱ्यांना रोखणारं कलम ३(ड) त्यात राहिलं. या कलमावर बाहेरून दबाव येतो तेव्हा मला माझ्या खिडकीसमोरची रांग दिसते.

आता अमेरिकेच्या मदतीचं. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारने परदेशी मदत थांबवली, तेव्हा आफ्रिकेतल्या अनेक देशांत हाहाकार झाला, कारण तिथे औषधच त्या पैशांवर होतं. आपल्याकडे सेंटरवरच्या गोळ्या चालू राहिल्या. फटका बसला तो मदतीवर चालणाऱ्या संस्थांच्या कामाला. तृतीयपंथी समाजासाठी हैदराबाद, कल्याण आणि पुण्यात चालणारी 'मित्र' क्लिनिक बंद पडली. सरकारी दवाखान्याच्या रांगेत टोमणे ऐकून परत फिरलेली माणसं तिथे निर्धास्त येत होती. ती पुन्हा कुठे जातील याची मला काळजी आहे.

खरा धोका निधीच्या वाटेवर आणि खरेदीच्या वेळापत्रकात असतो. २०१४ मध्ये केंद्रातला स्वतंत्र एड्स नियंत्रण विभाग आरोग्य विभागात विलीन झाला, आणि त्याच सुमारास पैसा राज्यांच्या एड्स नियंत्रण संस्थांकडे थेट येण्याऐवजी राज्याच्या तिजोरीतून यायला लागला. कागदावर ही एक ओळ आहे. प्रत्यक्षात अनेक राज्यांत कंत्राटी कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने अडकले आणि वस्त्यांमध्ये फिरणारे कार्यकर्ते काम सोडून गेले. गोळ्या कपाटात असूनही पेशंटपर्यंत न पोहोचण्याचा एक मार्ग हा आहे. समुपदेशक नाही, फोन करून "दादा, तारीख गेली तुमची" असं सांगणारं कुणी नाही, मग माणूस सुटतो.

दुसरा मार्ग खरेदीचा. जुलै २०२२ पासून दिल्लीत नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, कार्यालयाबाहेर एचआयव्हीसह जगणारे लोक महिन्याहून जास्त काळ बसून होते, औषधं पुरेशी मिळत नाहीत म्हणून. सरकारचं म्हणणं होतं की देशपातळीवर साठा आहे. दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या असू शकतात. निविदा लांबली की राखीव साठा संपतो, मग एका जिल्ह्यातल्या डब्या दुसऱ्या जिल्ह्यात हलवल्या जातात आणि सेंटरवर महिन्याच्या ३० गोळ्यांऐवजी ७ किंवा १० गोळ्या कागदात बांधून द्याव्या लागतात. आकडेवारीत तो माणूस "औषध मिळालेला" असतो. पण समजा तो ऊसतोड कामगार आहे, बीडकडून आलेला, कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर उतरलेला. दर दहा दिवसांनी सेंटरला यायचं म्हणजे त्याची दिवसाची मजुरी गेली, एसटीचं भाडं गेलं, आणि मुकादमाला काय कारण सांगायचं? दोनदा येतो, तिसऱ्यांदा येत नाही. करोनाच्या काळात दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची पद्धत रुळली, ती अशा माणसांसाठी अक्षरशः जीवदान आहे. साठा कमी पडला की सगळ्यात आधी कात्री तिलाच लागते.

तुम्ही काय करायचं ते सांगते. शेवटची गोळी संपायची वाट न बघता तारखेच्या चार-पाच दिवस आधी सेंटरला जा, म्हणजे घरात थोड्या गोळ्या कायम शिल्लक राहतील. यजमानांची बदली दुसऱ्या गावी असेल तर ट्रान्सफरची चिठ्ठी आधीच घ्या, आणि नुसतं काही महिन्यांसाठी जाणार असाल तरी तसं सांगा, व्यवस्था होते. गोळ्या कमी मिळाल्या तर सेंटरच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा, आणि तिथे उत्तर मिळालं नाही तर १०९७ या मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवा. आपण एकट्याने ओरडून काय होणार, असं लोकांना वाटतं. पण तुटवडा वर कळतो तो अशा नोंदींतूनच.

कायद्याचा आधारही माहीत असू द्या. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यात सरकारने निदान आणि एआरटीची सोय करायची आहे, पण "शक्य असेल तितपत". या शब्दांना संघटनांनी कडाडून विरोध केला होता आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. औषध तोडल्यावर विषाणू वाट बघत नाही. त्या दोन-तीन शब्दांमुळे हक्काच्या भाषेत एक फट राहिली आहे.

आता विमा.

पूर्वी जवळपास प्रत्येक पॉलिसीत एक वाक्य असायचं: एचआयव्ही किंवा एड्समुळे "प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्षपणे उद्भवलेल्या" कोणत्याही आजाराचा खर्च मिळणार नाही. या "अप्रत्यक्षपणे" ने किती घरं बुडवली, ते मी बघितलं आहे. आमच्याकडच्या एका शिक्षकाला डेंग्यू झाला. व्हायरल लोड दबलेला, सीडी-फोर ६०० च्या वर. पाच दिवस ॲडमिट होते. डिस्चार्ज कार्डवर इतर आजारांच्या रकान्यात तीन अक्षरं लिहिलेली होती, तेवढ्यावरून क्लेम फेटाळला. डेंग्यूचा आणि त्या तीन अक्षरांचा संबंध काय, हे पत्रात कुठेही नव्हतं. ते पत्र त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, डास मला बघून चावला का?"

२०१७ च्या कायद्याच्या कलम ३ ने हे बदलायला सुरुवात केली. विमा नाकारणं किंवा विम्यात अन्यायकारक वागणूक देणं हा भेदभाव आहे, असं त्यात स्पष्ट आहे. सूट एकच, कंपनीकडे विमागणिती अभ्यासाचा, म्हणजे जोखमीच्या आकडेवारीच्या हिशेबाचा, आधार असेल तर. नंतर विमा नियामक आयआरडीएआयने सप्टेंबर २०१९ मध्ये वगळण्याच्या अटींची एकसारखी भाषा ठरवून दिली. त्यात ग्राहकाच्या संमतीने कायमचे वगळता येतील अशा आजारांची यादी होती आणि त्या यादीत एचआयव्हीही होता. काही कार्यकर्त्यांना तो विश्वासघात वाटला. माझं मत थोडं वेगळं आहे. त्याआधी कंपन्या माणसालाच दारातून परत पाठवत होत्या. यादीमुळे निदान एचआयव्ही वगळून बाकीच्या आजारांसाठी माणूस आत येऊ शकला. फेब्रुवारी २०२३ मध्ये नियामकाने पुढचं पाऊल टाकलं: अपंग, मानसिक आजार असलेले आणि एचआयव्हीसह जगणारे यांच्यासाठी प्रत्येक सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपनीने पॉलिसी आणलीच पाहिजे, असा आदेश काढला. २०२४ च्या नियमांत आधीपासूनच्या आजारांची प्रतीक्षा जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ वर आली.

म्हणजे "एचआयव्ही आहे, म्हणून पॉलिसी नाही" हे उत्तर आता कुठल्याही एजंटचं ऐकून घेऊ नका. बऱ्याच एजंटांना अशी पॉलिसी आपल्या कंपनीकडे आहे हेच माहीत नसतं. थेट कंपनीला ई-मेल करा आणि नकार आला तर तो कारणासह लेखी मागा. पॉलिसी हातात आली की प्रतीक्षा किती, खर्चाचा किती टक्के वाटा आपल्याला उचलायचा आणि एचआयव्हीशी संबंधित काय वगळलंय, या तीन गोष्टी आधी वाचा. प्रीमियम नंतर बघा.

अर्जात लिहायचं का? हो, लिहा. एजंट म्हणेल, "कशाला सांगता, कोण बघतंय?" त्याला कमिशन मिळेल, क्लेमच्या वेळी तो नसेल. विम्याचा करार खरी माहिती दिली या विश्वासावर उभा असतो. लपवलेलं उघड झालं तर क्लेम जातो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर कंपनीला माहिती लपवल्याचं कारण काढता येत नाही, हे खरं आहे. पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला तिथेही माफी नाही, आणि त्या पाच वर्षांत माणूस आजारी पडला तर? हा जुगार खेळू नका. एचआयव्हीच्या नोंदीबरोबर व्हायरल लोडचा ताजा अहवाल जोडा. विषाणू दबलेला असणं हा तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

नोकरीच्या ठिकाणी मात्र सांगायचं बंधन नाही. नोकरी देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालणंही या कायद्याने बंद केलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९७ मध्येच, एका कामगाराच्या प्रकरणात, काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे डावलता येणार नाही असं म्हटलं होतं, आणि त्याला नाव न उघड करता खटला लढू दिला होता. नव्या कंपनीत ग्रुप विमा असेल तर बहुतेक ग्रुप पॉलिसींत जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात. त्यात एचआयव्ही वगळलेला आहे का, हे एचआरला नुसतं "पॉलिसीची प्रत द्या" म्हणून मागून घरी वाचता येतं. क्लेमची कागदपत्रं एचआरच्या टेबलावरून न पाठवता थेट टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्या संस्थेकडे, द्या. जुनी नोकरी सोडण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज करून ठेवा. कंपनी छाननी करेल, पण जुन्या वर्षांचा फायदा मिळायचा रस्ता तोच आहे. राजीनाम्यानंतर विमा संपला की तो रस्ता बंद होतो.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपालाकडे जा. कार्यालय मुंबईत आणि पुण्यातही आहे, फी नाही, वकील लागत नाही, तक्रार मात्र वर्षाच्या आत करायची. त्या शिक्षकांना मी त्या वेळी हे सांगू शकले नाही, कारण मलाच पुरतं माहीत नव्हतं. आता सेंटरवर आलेल्या प्रत्येकाला सांगते.

खासगी विमा जमेपर्यंत, किंवा जमलाच नाही तर, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना खुली आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. आधीपासूनचा आजार हा तिथे अडसर नाही. रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोधा.

पण या सगळ्यात एक मोठं भगदाड आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. विमा काय, सरकारी योजना काय, जवळजवळ सगळं ॲडमिट झाल्यावरच्या खर्चाचं आहे. एआरटीवर असलेली माणसं आता पंधरा-वीस वर्षं जगलेली आहेत, अजून तितकीच जगतील. त्यांना आता टीबीपेक्षा शुगर, बीपी, मूत्रपिंड आणि हृदय त्रास देतं. ही रोजच्या गोळ्यांची, दर तीन महिन्यांच्या तपासण्यांची दुखणी आहेत. एआरटी सेंटर म्हणतं हे आमच्याकडे नाही, विमा म्हणतो ॲडमिट नाही तर पैसे नाहीत, आणि माणूस मधल्या मध्ये खासगी डॉक्टरकडे जातो. तिथे एचआयव्ही सांगायला लाजतो. मग शुगरसाठी मेटफॉर्मिन पूर्ण डोसमध्ये लिहून मिळतं, आणि टीएलडीमधल्या डॉल्युटेग्राविरमुळे त्याचं शरीरातलं प्रमाण वाढतं, हे डॉक्टरला कळतच नाही. एआरटीच्याच छताखाली शुगर-बीपीच्या गोळ्या आणि तपासण्या मिळाल्या पाहिजेत. पुढच्या धोरणात मला एकच ओळ लिहायला दिली तर मी ही लिहीन.

तेव्हा ताई, पुढच्या तारखेला यजमानांबरोबर तुम्हीही जा. हिरवं पुस्तक, शेवटचा व्हायरल लोड, शुगर आणि क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाच्या तपासणीचे) अहवाल एका फाइलमध्ये घ्या, आणि त्या फाइलच्या दोन झेरॉक्स काढा. एक विम्याच्या अर्जासाठी आणि एक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांसाठी.